जावास्क्रिप्टमध्ये पिवळा आणि निळा मिसळला तर हिरवा का मिळत नाही?

शाडूमाती:

नमस्कार. आमचे घर कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आहे आणि गणेशमूर्ती घडवण्याचे काम आमच्याकडे आजोबांपासून चालत आले आहे. पितांबर कोणत्या रंगाचे, शेला कोणत्या रंगाचा हे गिऱ्हाईक मूर्तीची नोंदणी करताना सांगते. परंतु 'मोरपंखी' म्हणताना त्याच्या मनात एक छटा असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी, त्यामुळे दरवर्षी चतुर्थीच्या तोंडावर दोन-चार मूर्तींचे रंगकाम पुन्हा करावे लागते. हे टळावे म्हणून मी मोबाईलवर उघडेल असे एक पान जावास्क्रिप्टमध्ये लिहीत आहे. त्यावर दोन रंग निवडायचे, पट्टी सरकवून त्यांचे प्रमाण ठरवायचे, आणि जो रंग तयार होईल त्याचा क्रमांक नोंदवहीत जायचा, एवढीच कल्पना आहे.

तीन ठिकाणी मी अडकले आहे. पहिली अडचण अशी की रंगाचा सहा अंकी क्रमांक कधी पाच अंकी तर कधी चार अंकीच तयार होतो. दुसरी अशी की निळ्यात पांढरा मिसळला की आकाशी रंग यायला हवा, तिथे गुलाबीसर जांभळा येतो. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते आहे. पिवळा आणि निळा समसमान घेऊन त्यांच्या आकड्यांची साधी सरासरी काढली की पडद्यावर चक्क राखाडी रंग उमटतो. बाबांनी तो पाहिला आणि विचारले, "ही राख कुठून आली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. हिरवा रंग दाखवण्याची एखादी पळवाट मला नको आहे, असे का होते ते समजून घ्यायचे आहे.

पंचगंगाकाठ:

ताई, प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. पहिल्या अडचणीपासून सुरुवात करतो.

सहा अंकी क्रमांक म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ या तीन संख्या सोळाच्या पायात (९ नंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून वापरून) लिहून एकापुढे एक ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येकीला दोन घरे राखून ठेवलेली असतात. तुम्ही प्रत्येक संख्येवर टूस्ट्रिंग(१६) चालवून अक्षरे जोडत असणार. संख्या सोळापेक्षा लहान असली की टूस्ट्रिंग एकच अक्षर देते आणि पुढचे शून्य गळते. लाल ०, हिरवा १०९, निळा ११९ अशी मोरपंखी छटा घेतली, तर '००', '६डी', '७७' यांच्याऐवजी '०', '६डी', '७७' जोडले जाते. ही झाली पाच अक्षरे, आणि ब्राउझर असा रंग नाकारतो.

नाकारला तर निदान चूक दिसते तरी. खरा धोका चूक न दिसण्यात आहे. लाल ५, हिरवा ९, निळा १२ हा जवळजवळ काळा रंग आहे. त्याची अक्षरे शून्याविना जोडली की '५९सी' तयार होते. तीन अक्षरी क्रमांक वैध असतो, आणि ब्राउझर त्यातले प्रत्येक अक्षर दुप्पट करून वाचतो, म्हणजे ८५, १५३, २०४. काळ्याच्या जागी आकाशी रंग आला आणि कुठेही तक्रार उमटली नाही. चार अक्षरी क्रमांकाचेही तसेच आहे, कारण त्यातले चौथे अक्षर पारदर्शकता म्हणून वाचले जाते. उपाय एका शब्दाचा आहे. टूस्ट्रिंगच्या पुढे पॅडस्टार्ट(२, '०') जोडा, म्हणजे दोन घरे भरतील एवढी शून्ये पुढे लागतात. २०१७ च्या आवृत्तीपासून ते भाषेतच आहे, त्यासाठी बाहेरचे काही आणावे लागत नाही.

उलट दिशेने जाताना पार्सइंट(मजकूर, १६) वापरून एकच मोठी संख्या काढा, तिला सोळा आणि आठ जागा उजवीकडे सरकवा आणि दर वेळी २५५ शी 'अँड' करा, म्हणजे तिन्ही घटक सुटे होतात. पारदर्शकतेसह आठ अक्षरी क्रमांक असेल तर मात्र जपून. सरकवण्याची साधी क्रिया संख्येला चिन्हासह बत्तीस बिटांची मानते, त्यामुळे 'एफएफ' ने सुरू होणारा क्रमांक चोवीस जागा सरकवला की २५५ मिळण्याऐवजी उणे १ मिळतो. तिथे तीन कोनांची (>>>), चिन्ह न मानणारी क्रिया वापरावी.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. आतल्या हिशोबात रंग नेहमी ० ते १ मधल्या अपूर्णांकांत ठेवा आणि पडद्यावर पाठवतानाच शेवटी एकदा मॅथ.राऊंड करा. पट्टी सरकेल तसे दर पावलाला पूर्णांक करत गेलात तर चुका साठत जातात आणि पट्टी मागे आणल्यावर मूळ रंग परत मिळत नाही.

महाद्वार:

दुसऱ्या अडचणीबद्दल मी सांगू शकेन, कारण याच खड्ड्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

इथे तुम्ही रंग एचएसएलमध्ये बदलून मिसळत आहात असे दिसते. या पद्धतीत रंगछटा वर्तुळावरचा कोन असते. लाल ० अंशावर, हिरवा १२० वर आणि निळा २४० वर. दुसरा आकडा रंग किती शुद्ध किंवा किती राखाडी आहे ते सांगतो आणि तिसरा उजळपणा. पांढऱ्याला छटाच नसते, तरीही रूपांतराच्या सूत्राला तिथे काहीतरी संख्या भरावी लागते, आणि बहुतेक जण ० भरतात. हा शून्य म्हणजे 'काही नाही' असे आपण समजतो, परंतु हिशोबाच्या दृष्टीने तो लाल असतो. निळा २४० वर, पांढरा ० वर, दोहोंतला जवळचा मार्ग ३०० वरून जातो, आणि ३०० म्हणजे गुलाबी जांभळा. शुद्ध निळा आणि शुद्ध पांढरा घेऊन मी हिशोब केला, तेव्हा मधला रंग २२३, १५९, २२३ आला. तुमच्या पडद्यावर हाच उमटत असणार.

पांढरा, काळा आणि सर्व राखाडी रंग यांची छटा 'नाही' अशी स्वतंत्रपणे नोंदवा, आणि मिसळताना एका रंगाला छटा नसेल तर दुसऱ्याची छटा जशीच्या तशी घ्या. मग त्याच मिश्रणाचे १५९, १५९, २२३ येते, आणि ते निळ्याच्याच घरातले आहे. सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेच्या, रंगांविषयीच्या चौथ्या पातळीच्या नियमावलीत याकरिता 'नन' हा शब्दच ठेवलेला आहे.

कोनांच्या वजाबाकीत आणखी एक फसगत होते. जावास्क्रिप्टमध्ये उणे ६० ला ३६० ने भागून बाकी घेतली तर ३०० मिळत नाही, उणे ६० च मिळते. म्हणून बाकी घ्यावी, तीत ३६० मिळवावेत आणि पुन्हा बाकी घ्यावी.

शाडूमाती:

दोघांचेही मनापासून आभार. पॅडस्टार्ट लावल्यावर क्रमांक नीट येऊ लागले, आणि छटेच्या जागी 'नाही' ठेवल्यावर आकाशीही सापडला. परंतु पिवळ्या-निळ्याचे काय? एचएसएलमधून केले तर ६० आणि २४० यांच्या मध्ये १५० येतो, म्हणजे हिरवा तर मिळतो, पण तो ०, २५५, १२८ असा झगझगीत निघतो. आमच्या कारखान्यातल्या कोणत्याच डब्यातून असा रंग निघणार नाही, आणि असे पितांबर बाबा मूर्तीला नेसवणार नाहीत.

कोटितीर्थ:

मी कोल्हापुरात अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. संगणकाची भाषा मला येत नाही, परंतु रंगाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण मुळातला घोटाळा तिथे आहे असे मला वाटते.

पडद्यावरचा रंग म्हणजे दिवा असतो आणि डब्यातला रंग म्हणजे गाळणी. पिवळा पोस्टर कलर आपल्याला पिवळा दिसतो, कारण पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग तो गिळतो आणि लाल व हिरवा परत पाठवतो. निळा रंग लाल भाग गिळतो, निळा परत पाठवतो, आणि त्याबरोबर थोडा हिरवाही निसटून बाहेर येतो. दोन्ही एकत्र कालवले की पिवळ्याने निळा गिळला, निळ्याने लाल गिळला, आणि दोघांच्याही तडाख्यातून जो थोडाफार वाचला तो हिरवा. म्हणूनच मिश्रणाचा हिरवा मूळच्या दोन्ही रंगांपेक्षा मळकट असतो, कारण तो उरलेल्या प्रकाशाचा असतो. मुलांना मी हे बशीत कालवूनच दाखवत असे आणि 'आता यात लाल टाकला तर काय उरेल?' असे विचारत असे. आधी अंदाज सांगायचा, मगच कुंचला उचलायचा, असा वर्गाचा नियम होता.

शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा प्रकाश यांची बेरीज पांढऱ्याकडे जाते. तुमच्या यंत्राने ती अर्धी केली, म्हणून राखाडी आला. यंत्र खोटे बोललेले नाही. दोन दिवे अर्धे-अर्धे लावले तर काय दिसेल एवढेच त्याने सांगितले, आणि तुम्हाला हवे आहे ते दोन डब्यांचे उत्तर.

पंचगंगाकाठ:

सर, तुम्ही जे सांगितले ते कोडच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ आहे. त्याचा धागा धरून पुढे जातो, आणि थोडे विस्ताराने लिहितो, कारण 'मिसळणे' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी कामे दडलेली आहेत.

पहिले काम म्हणजे प्रकाशाची बेरीज. त्यातही एक बारकावा आहे. आपण ज्या ० ते २५५ संख्या लिहितो त्या प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. पडद्यांसाठीचे एसआरजीबी हे मानक १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पुढे आणले आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात संख्या मुद्दाम वाकवलेल्या आहेत, कारण डोळ्याला गडद छटांमधले फरक जास्त बारकाईने कळतात. म्हणून खरा प्रकाश हवा असेल तर आधी वाक काढावा लागतो: ० ते १ मधली संख्या ०.०४०४५ किंवा त्याहून लहान असेल तर तिला १२.९२ ने भागायचे, नाहीतर तीत ०.०५५ मिळवून १.०५५ ने भागायचे आणि २.४ चा घात घ्यायचा. बेरीज झाली की उलट सूत्राने वाक परत द्यायचा. लाल आणि हिरवा यांची वाकलेल्या संख्यांतच सरासरी काढली तर १२८, १२८, ० असा काळपट रंग येतो. वाक काढून केली तर १८८, १८८, ० असा उजळ पिवळा येतो, आणि दोन दिवे एकत्र लावल्यावर दिसतो तो हाच.

दुसरे काम म्हणजे डोळ्याला समान वाटतील अशा पायऱ्यांनी एका रंगातून दुसऱ्यात जाणे. नकाशे, आलेख, पार्श्वभूमीवरचे चढ-उतार यांना हे लागते. त्यासाठी ब्यर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेली ओकेलॅब ही रचना आज सर्वांत सोयीची आहे, आणि सीएसएसमधल्या कलर-मिक्स या फंक्शनला ती थेट सांगता येते. २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ते चालते. परंतु तुमचे कोडे तेही सोडवणार नाही. शुद्ध पिवळा आणि निळा ओकेलॅबमध्ये अर्धे-अर्धे मिसळले तर साधारण १०७, १७१, १९९ असा फिकट निळसर रंग येतो. दिसायला तो छान आहे, पण बशीतला नाही.

तिसरे काम तुमचे. डब्यातल्या रंगांचे मिश्रण मोजण्याची रीत पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये दिली. रंगाचा थर पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत पाठवतो त्याला 'र' म्हणू. मग (१ − र) चा वर्ग भागिले २र ही संख्या त्या रंगाच्या शोषणाचे विखुरण्याशी असलेले गुणोत्तर सांगते. तिला 'श' म्हणू. सरासरी 'र' ची न काढता 'श' ची काढायची, रंगांच्या प्रमाणानुसार, आणि मग उलट यायचे: र = १ + श − (श² + २श) चे वर्गमूळ. सरांनी सांगितलेले गिळणे या 'श' मध्ये आहे. पिवळ्याचा निळ्या पट्ट्यातला 'श' प्रचंड मोठा असतो, म्हणून सरासरीत तो दुसऱ्या रंगाला दाबून टाकतो.

पिवळा २४३, २३१, ६३ आणि निळा ६३, १०८, २०३ घेऊन हा हिशोब करून पाहा. वाक काढल्यावर पिवळ्याचे 'र' ०.९, ०.८, ०.०५ येतील आणि निळ्याचे ०.०५, ०.१५, ०.६. हे तुमच्या कोडमध्ये घातले की काय मिळाले ते कळवा. एक खबरदारी घ्या: 'र' शून्य असेल तर भागाकार अनंत होतो, आणि उलट येताना अनंतातून अनंत वजा झाल्यामुळे 'संख्या नाही' असे उत्तर येऊन पूर्ण रंगच नाहीसा होतो. 'र' ला ०.०१ च्या खाली जाऊ देऊ नका. खऱ्या रंगातही शंभर टक्के काळेपण नसतेच.

शाडूमाती:

रात्री जेवणे झाल्यावर बसले आणि करून पाहिले. जुन्या सरासरीने त्याच दोन रंगांचे १५३, १७०, १३३ येत होते, म्हणजे हिरवट झाक असलेली राखच. नव्या सूत्राने ८५, १३४, ८५ आले. मोबाईल बाबांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा आपला दूर्वांचा रंग."

मग पट्टी सरकवून चार भाग पिवळा आणि एक भाग निळा असे केले, तर ११९, १६६, ७० आले. हा पोपटी आहे, शेल्याला बाबा हाच देतात. जुन्या पद्धतीत इथे २०७, २०६, ९१ येत होते, तो मळका पिवळा होता.

परंतु एक तफावत उरली. बाबांचे म्हणणे असे की चारास एक हे प्रमाण पोपट्यासाठी फार झाले, डब्यातला निळा वाटीभर पिवळ्यात बोटाच्या टोकावर मावेल एवढाच घालायचा असतो, नाहीतर रंग हाताबाहेर जातो. पट्टीवरचे प्रमाण आणि वाटीतले प्रमाण जुळत नाही.

कोटितीर्थ:

बाबांचे बरोबर आहे. प्रत्येक रंगाची ओढ वेगळी असते. काही निळे आणि काही लाल एवढे जोरकस असतात की चिमूटभरात वाटी पालटते, आणि पिवळा बहुधा मवाळ असतो. याचा अंदाज घेण्याची जुनी रीत आहे: प्रत्येक रंगाचा एक चमचा दहा चमचे पांढऱ्यात कालवून ठिपके शेजारी शेजारी लावायचे. ज्याचा ठिपका जास्त गडद, त्याची ओढ जास्त. ठिपके वाळल्यावरच पाहावेत, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. पाहायचेही दिवसाच्या उजेडात, दारात बसून, ट्यूबलाईटखाली नव्हे.

पंचगंगाकाठ:

कोडमध्ये याचे रूपांतर सोपे आहे. प्रत्येक रंगाच्या नोंदीत 'ओढ' असा एक आकडा ठेवा, पट्टीवरचे प्रमाण त्याने गुणा, आणि सर्व गुणाकारांची बेरीज १ होईल असे भागून मगच 'श' ची सरासरी काढा. सुरुवातीला सगळ्यांची ओढ १ धरा आणि सरांच्या ठिपक्यांवरून एकेक सुधारत जा.

शास्त्रशुद्ध करायचे तर हा हिशोब लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पट्ट्यांत न करता प्रकाशाच्या लांबीनुसार तीस-चाळीस पट्ट्यांत करावा लागतो. मिक्सबॉक्स नावाचे २०२१ मधले तयार साधनही आहे, ते खऱ्या रंगद्रव्यांच्या मोजमापांवर चालते, परंतु धंद्यासाठी वापरायचे तर त्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. माझ्या मते तुमच्या सात-आठ डब्यांसाठी तीन पट्ट्या आणि काळजीपूर्वक ठरवलेली ओढ एवढे पुरे.

महाद्वार:

एक छोटी भर घालतो. मिश्रणाच्या चौकोनावर तुम्ही रंगाचे नाव लिहिणार असाल तर अक्षरे काळी की पांढरी हेही कोडनेच ठरवा. वाक काढलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्याला अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ने गुणून बेरीज केली की उजळपणा मिळतो. चौकोन आणि अक्षरे या दोन रंगांतल्या जास्त उजळपणात ०.०५ मिळवून कमी उजळपणा अधिक ०.०५ ने भागावे, आणि उत्तर ४.५ च्या वर असेल ती अक्षरे निवडावीत. वयस्क गिऱ्हाइकांना याचा फार उपयोग होतो.

शाडूमाती:

रविवारी बाबांनी आणि मी मिळून आठ रंगांचे ठिपके पुठ्ठ्यावर लावले आणि दुपारी दारात बसून पाहिले. आमच्या निळ्याची ओढ पिवळ्याच्या सहापट धरल्यावर पट्टी आणि वाटी जवळजवळ जुळली. आमसुलीही जमला. मोरपंखी अजून थोडा काळपट येतो, पण बाबा म्हणतात की डब्यातूनही तो तसाच येतो, म्हणून ते गेली काही वर्षे तयार मोरपंखीच आणतात. त्यालाही मी स्वतंत्र नोंद दिली.

आता एकच प्रश्न उरला आहे. किरीट आणि दागिन्यांचा सोनेरी रंग कसा नोंदवू? कोणताही क्रमांक घातला तरी पडद्यावर तो मोहरीसारखाच दिसतो.

कोटितीर्थ:

सोनेरी ही छटा नाही, चकाकी आहे. मूर्ती थोडी वळवली की तो उजळतो किंवा विझतो, आणि शेजारच्या समईचा रंगही स्वतःत घेतो. एका सपाट चौकोनात तो मावणार नाही.

पंचगंगाकाठ:

सर म्हणतात तेच कोडमध्ये करा. सोनेरी आणि चंदेरी यांना मिश्रणाच्या यादीतून वगळा, त्यांच्या नोंदीत क्रमांकाच्या जागी नुसते नाव ठेवा, आणि चौकोनाऐवजी बाबांनी रंगवलेल्या एखाद्या किरीटाचे दिवसाच्या उजेडातले छायाचित्र दाखवा. मिसळण्याच्या फंक्शनला असे नाव मिळाले तर त्याने काहीतरी सरासरी काढून देण्याऐवजी स्पष्टपणे नकार द्यावा, एवढी एक अट सुरुवातीलाच लिहून ठेवा.

शाडूमाती:

अट लिहिली. छायाचित्रासाठी बाबा उद्या सकाळी एक किरीट नव्याने रंगवणार आहेत.